आळंदीत उतरायचं कुठे? प्रस्थानाआधीच्या तीन रात्री

पहिल्यांदा वारीला निघालेला माणूस बूट की चप्पल, रेनकोट की मेणकापड यावर महिनाभर खल करतो आणि आळंदीत उतरायचं कुठे हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. ‘तिथे काय, पावलापावलावर धर्मशाळा आहेत,’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते खोटंही नाही. तालुक्यांनी, समाजांनी, फडांनी बांधलेल्या धर्मशाळा आहेत, कीर्तन-प्रवचन शिकवणाऱ्या संस्था आहेत, शिवाय गाव लग्नांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे मंगल कार्यालयंही भरपूर. एरवी कधीही जा, पाठ टेकायला जागा मिळते. ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीला मात्र हे एवढंसं गाव लाखोंनी भरतं. तेव्हा जागा मिळाली का यापेक्षा कुठली मिळाली, हे पुढच्या चार दिवसांच्या चालीवर परिणाम करतं.

इथे मांडतोय ते प्रकरण जून २०२५चं, माझ्या मावशीचं. नावं गाळली आहेत.

माणसं आणि तारखा

मावशी अकोल्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली, पण रोज सकाळी न चुकता चालणारी. रक्तदाबाची एक गोळी, बाकी तब्येत बरी. अडचण उजव्या गुडघ्याची. चालताना त्रास नाही, पण उकिडवं बसता येत नाही. वाचताना हे किरकोळ वाटेल, पण निम्मा निर्णय त्या गुडघ्याने घेतला. सोबत तिच्या भजनी मंडळातल्या काकू. मावशीहून दहाएक वर्षांनी लहान, ठणठणीत, आणि माउलींचं प्रस्थान बघायचंच, या हट्टाने निघालेल्या.

अकोल्याकडच्यांना खरं तर शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी घरची. पण ती महिनाभराहून जास्त चालते आणि मावशीला तेवढं झेपणारं नव्हतं. शिवाय तिच्या सासऱ्यांनी आळंदीहून वारी केलेली, त्यामुळे घरात नाव निघायचं ते आळंदीचंच. दोघींची नावं पालखीच्या रथामागे चालणाऱ्या एका दिंडीत लागली होती, भिशीही, म्हणजे दिंडीतल्या जेवण-मुक्कामाची वर्गणी, भरून झाली होती.

आता तारखा. बुधवार १८ जून, सप्तमी, देहूतून तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान. गुरुवार १९ जून, अष्टमी, आळंदीतून माउलींचं. ही पालखी पहिल्या रात्री गावाबाहेर पडत नाही. देवळातून निघून आळंदीतच आजोळघरी मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याकडे निघते. म्हणजे पायी चाल खरी सुरू होते ती नवमीला, शुक्रवारी २० तारखेला. मग पुण्यात दोन रात्री, आणि रविवारी २२ला दिवे घाट चढून सासवड. नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. तो प्रस्थानाची तारीख म्हणजे चालायची तारीख धरून बसतो आणि मुक्कामाच्या हिशेबातून अख्खी एक रात्र गळते.

त्या वर्षी त्यात आणखी एक भर होती. प्रस्थान एरवी दुपारी चारच्या सुमारास सुरू होतं. अष्टमी गुरुवारी आली, आणि गुरुवारी देवळात माउलींची नेहमीची पालखी असते. त्यामुळे प्रस्थान रात्री आठला ठेवलं होतं. आठला सुरू म्हणजे मध्यरात्रीच्या आत संपणं कठीण, आणि पहाटे उठायचं ते उठायचंच.

दोघींची गाडी मंगळवारी १७ला पहाटे पुण्यात पोचणार होती. म्हणजे प्रश्न तीन रात्रींचा: १७, १८ आणि १९.

समोर काय काय होतं

मी राहतो विश्रांतवाडीत, म्हणजे आळंदी-पुणे पालखी मार्गावरच. देऊळ इथून बारा-तेरा किलोमीटर. साहजिकच घरच्यांच्या लेखी प्रश्न मिटलेला होता. तिन्ही रात्री आमच्याकडे झोपायचं, शुक्रवारी पालखी दारावरून जाईल तेव्हा दिंडी गाठायची. अंघोळीला गरम पाणी, कमोड, गादी, सगळं हाताशी. माझ्या बायकोने हे फोनवर मांडलं तेव्हा मावशी म्हणाली, “अगं, मग मी वारीला निघाले की तुमच्याकडे पाहुणी आले?” विषय तात्पुरता तिथेच संपला.

तिचा चिडका सूर बाजूला ठेवला तरी या पर्यायात एक व्यवहाराची खोट होती. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे शेकडो, आणि त्या सगळ्यांबरोबर किंवा आगेमागे चालणारे मोकळे वारकरी वेगळे. विश्रांतवाडीच्या चौकात उभं राहून त्यातली आपली दिंडी ओळखायची म्हणजे पताकेवरचा नंबर वाचायचा, तोही पावसात, पुढे चार रांगा माणसं उभी असताना. मोबाइलला त्या वेळी रेंज असून नसल्यासारखी. जमतं, पण जुन्या वारकऱ्याला. पहिल्याच दिवशी दिंडी चुकली तर माणसाचा धीर सुटतो, हे मी त्या चौकात उभ्या उभ्या बऱ्याचदा पाहिलंय.

दुसरा पर्याय मावसभावाने बंगळूरुहून काढला. त्याने ॲपवर ‘आळंदी’ शोधून एक खोली पसंत केली होती, स्वच्छ, एसी, कमोडवाली. नकाशावर पाहिलं तर ते हॉटेल आळंदी रोडवर, कळसजवळ. देवळापेक्षा माझ्या घराला जवळ. पुण्यात आळंदी रोड हे नाव पार शहरात शिरलेलं आहे, त्यामुळे बाहेरगावची माणसं या फासात हमखास अडकतात. रेल्वेचं ‘आळंदी’ स्टेशनही असंच. ते पुणे-मिरज मार्गावर, शहराच्या भलत्याच टोकाला, म्हातोबाच्या आळंदीजवळ. आपली ती देवाची आळंदी. जवळपास चोराची आळंदी नावाचंही गाव आहे, तेव्हा जागा ठरवताना देवाचं नाव लावूनच विचारलेलं बरं.

तिसरा, देवळाजवळचं लॉज. दोन-तीन ठिकाणी विचारलं. जे उपलब्ध होतं त्याचा भाव एरवीच्या तिप्पट सांगितला गेला, आणि तोही तिन्ही रात्री एकदम घ्या या अटीवर. भाव सोडा, मला देवळाच्या जवळचं असणं हाच दोष वाटत होता. प्रस्थानाला मंदिरात प्रवेश असतो तो मानाच्या दिंड्यांना आणि ठरावीक पासवाल्यांना. बाकीच्यांनी दहा पावलांवर खोली घेतली काय आणि एक किलोमीटरवर घेतली काय, बघायचं ते पडद्यावर किंवा महाद्वाराच्या बाहेरच्या रेट्यातून. उलट त्या गल्ल्यांना बॅरिकेड लागतात. एकदा आत गेलं की सामान घेऊन बाहेर पडणं मुश्कील, आणि रात्रभर भजन, भोंगे, शिट्ट्या. ज्याला रात्र जागायचीच आहे त्याच्यासाठी याहून चांगली जागा नाही. ज्याला सकाळी पुण्यापर्यंत चालायचंय त्याने तिथे कशाला झोपायला जावं?

चौथा पर्याय काकूंचा, आणि मोहात पाडणारा. १८ला देहूत तुकोबांचं प्रस्थान बघायचं, रात्री तिथेच कुठेतरी पडायचं, १९ला आळंदीत यायचं. दोन्ही गावांत पंधराएक किलोमीटरचं अंतर, रस्त्याने जाणारे वारकरीही पुष्कळ. पण चाल सुरू व्हायच्या आधीच दोन गर्द्या अंगावर घ्यायच्या, त्यातही मधल्या रात्रीची जागा अनिश्चित. काकू एकट्या असत्या तर मी जा म्हटलं असतं.

आणि पाचवा, जो यादीत असूनही कुणी नीट पाहिला नव्हता. दिंडीनेच घेतलेला हॉल. भिशीत धरलेला, वेगळे पैसे नाहीत. त्याबद्दल घरात सगळ्यांची समजूत एकच होती, की हाल होतील.

विणेकऱ्यांना केलेला फोन

मी दिंडीच्या विणेकऱ्यांना फोन लावला. सामानाचा ट्रक कुठे उभा राहणार आणि किती वाजता भरणार? हॉल नदीच्या कुठल्या अंगाला? संडास किती आणि कसले? शेवटच्या प्रश्नावर ते हसले. “माउली, जेवणाचं सगळे विचारतात. हे विचारणारे तुम्ही पहिलेच.”

ट्रकचा प्रश्न मी आधी ठेवला त्याला कारण आहे. वारीत सामान पाठीवर नसतं. वळकटी, कपड्यांची पिशवी ट्रकमध्ये जाते आणि ट्रक पालखीच्या आधी वेगळ्या वाटेने पुढच्या तळावर पोचतो. तो भरायची वेळ पहाटेची असते आणि कुणा एकासाठी तो थांबत नाही. मुक्काम ट्रकपासून लांब असेल तर पहाटे तीनला उठून, अंधारात, चिखलातून, बोजा डोक्यावर घेऊन ट्रक शोधणं आलं. ते हुकलं तर दिवसभराच्या चालीत ते ओझं तुमच्या खांद्यावर. उत्तर मिळालं: ट्रक हॉलच्या आवारातच, चारला भरायला घेणार, साडेचारला हलणार.

नदीचं असं आहे. देऊळ आणि जुनं गाव इंद्रायणीच्या उत्तर काठावर, आणि पुण्याकडून येणारा रस्ता दक्षिणेकडून येऊन पूल ओलांडतो. पालखी सकाळी निघते ती पूल ओलांडून याच बाजूला येते. मग चऱ्होलीला थोरल्या पादुका, दिघी, कळस, विश्रांतवाडी. रथामागच्या दिंडीतल्या माणसाने पलीकडच्या काठाला मुक्काम केला तर भल्या पहाटे सगळ्या गर्दीबरोबर पुलावरून यायचं. अलीकडच्या काठाला असेल तर रथ त्याच्यासमोर येतो, तो गेला की आपल्या नंबरावर सामील व्हायचं. दिंडीचं मंगल कार्यालय देहू फाट्याच्या बाजूला होतं, म्हणजे अलीकडे. हे ऐकल्यावर माझ्या मनात निम्मं ठरलं.

त्या वर्षी पुलाचा विचार नेहमीपेक्षा जास्त करावा लागत होता. पाऊस मे महिन्यातच दाखल झाला होता. १५ जूनला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि माणसं दगावली. नदी तीच, फक्त वरच्या अंगाची. त्यानंतर घाटावर आणि पुलांवर बंदोबस्त कडक होणार हे उघड होतं.

आणि संडास. पाच, सगळे भारतीय पद्धतीचे, माणसं दीडशेच्या आसपास. नगरपालिकेची आणि वारीसाठी आणलेली फिरती शौचालयं जवळ होती, पण तीही तशीच. मावशीसाठी हॉल बाद व्हायला एवढं पुरेसं होतं.

इथे बायकोने मार्ग काढला. औषधांच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, आजारी माणसासाठी घेतात ती. मधोमध भोक असलेली, चार पायांची, भारतीय भांड्यावर उभी राहते. घडी घातली की जाड पुस्तकाएवढी होते असं दुकानदार म्हणाला. तसं काही होत नाही. पण वळकटीला दोरीने बांधता येते आणि पावसाने बिघडत नाही. तिचे पाय आमच्या बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरतात का हे मावशी आल्यावर आधी तपासलं, आणि खाली रबरी बुचं बसवली. ती खुर्ची तिला पंढरपूरपर्यंत लागली.

ठरलं ते असं

तिन्ही रात्रींना एकच उत्तर शोधायचं सोडून दिल्यावर गुंता सुटला.

१७ची रात्र विश्रांतवाडीत. रात्रभरच्या गाडीने आलेल्या बायकांना झोप, गरम पाणी आणि घरचं जेवण हवं होतं. पण माणसं घरी थांबली तरी सामान थांबवायचं नाही. मंगळवारी दुपारीच मी दोघींच्या वळकट्या आणि पिशव्या गाडीतून दिंडीच्या हॉलवर नेऊन टाकल्या, नावाच्या चिठ्ठ्या शिवून. बुधवारपासून आळंदीच्या सगळ्या रस्त्यांवर, पुण्याकडून, मोशीकडून, चाकणकडून, मरकळकडून, वाहनं अडवायला सुरुवात होणार होती. पास नसलेली गाडी लांबच थांबते आणि पुढे चालत. हातात फक्त एक झोळी असेल तर ते दोन-तीन किलोमीटर काहीच नाहीत. दोन वळकट्या असतील तर वारी तिथेच सुरू झाली समजायचं.

१८ची रात्र हॉलवर. याला घरातून विरोध झाला. ‘एक रात्र आणखी आरामात झोपू द्या की,’ असं. मी अडून बसलो. दीडशे अनोळखी माणसांत पथारी कुठे पसरायची, दिवा कधी विझतो, पाण्याचा टँकर कधी येतो, बायकांच्या अंघोळीचा ताडपत्रीचा आडोसा कुठल्या बाजूला, घोरणारं कोण, हे सगळं समजायला एक रात्र जाते. ती रात्र चालायच्या आदल्या दिवशी गेली तर चालणं बिघडतं. एक दिवस आधी गेली तर तिची भरपाई होते. मावशी शिक्षिका असल्यामुळे तिला हे लगेच पटलं. निवडणुकीच्या ड्यूटीला शाळेतल्या फरशीवर झोपलेली बाई ती.

१९ची रात्रही हॉलवरच. प्रस्थान बघायला जायचं की नाही, हे मात्र दोघींवर सोडलं.

घडलं ते

बुधवारी बसने जिथवर जाता आलं तिथवर गेल्या आणि पुढे चालत. पाऊस धरून होता. हॉलवर पोचल्या तर मंगळवारी टाकलेल्या वळकट्यांनी त्यांच्यासाठी भिंतीकडेची जागा अडवून ठेवलेली. हे ठरवून केलेलं नव्हतं. पण सामान जिथे पडतं तिथे माणूस झोपतो, असा हॉलचा न बोललेला नियम निघाला आणि भिंतीची जागा म्हणजे वारीतली चैन. पाठ टेकता येते, रात्री कुणी ओलांडून जात नाही, मोबाइल लावायला बटण जवळ. मधल्या रांगेतल्या एका आजींनी मावशीला थेट विचारलं, “तुम्ही पहिल्यांदा येताय आणि भिंत कशी गावली?”

त्या रात्री दोघींनाही झोप आली नाही. उकाडा, ओल्या कपड्यांचा वास, कुणाची तरी खोकल्याची उबळ. पहाटे काकड्याचे सूर सुरू झाले ते झालेच. मावशीचा सकाळी फोन आला तेव्हा आवाज ओढलेला होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं ते ‘सांगत होते ना’ अशा नजरेने.

गुरुवारचा दिवस लांबलचक होता. इंद्रायणी चढलेली, घाटावर पोलीस कुणाला उतरू देत नव्हते. नदीतल्या अंघोळीचा काकूंचा बेत बारगळला. पाण्याची एरवीची अवस्था, तो साबणासारखा फेस, ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं फार दुःख वाटणार नाही, पण काकूंना वाटलं. दुपारी पिठलं-भाकरी झाल्यावर मावशी दोन तास गाढ झोपली. आदल्या रात्रीची भरपाई ती हीच.

संध्याकाळी दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. काकू दिंडीतल्या चौघींबरोबर पाचलाच पूल ओलांडून पलीकडे गेल्या. मावशी थांबली. तिचं म्हणणं साधं होतं: आत सोडणार नाहीत, गर्दीत गुडघ्याला धक्का लागला तर पुढचे सतरा दिवस बुडतील. हॉलमध्येच तिने इतर बायकांबरोबर हरिपाठ म्हटला, साडेनऊला पडली आणि झोपली.

काकू महाद्वाराच्या बाहेर, गर्दीत, पावसात उभ्या राहिल्या. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आत जाताना त्यांना दिसले ते कान आणि तुरा एवढेच. आत टाळमृदंगाचा कल्लोळ चढत गेला तसे बाहेरचे सगळे माना वर करून कळसाकडे बघायला लागले. कळस हलला की पालखी निघते, ही श्रद्धा. काकूंनी तो हलताना पाहिला असं त्या शपथेवर सांगतात. पालखी बाहेर येऊन आजोळघराकडे गेली आणि त्या परत हॉलवर पोचल्या तेव्हा मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. लुगडं पिळून वाळत टाकायला जागा नव्हती.

अडीचला संडासची रांग लागायला सुरुवात झाली. मावशी झोप पूर्ण करून उठलेली, खुर्ची घेऊन रांगेत पहिल्या दहांत. पाठीमागच्या दोन बायकांनी संकोचत विचारलं, आम्हालाही द्याल का, आमचेही गुडघे तसेच आहेत. त्या दिवसापासून ती खुर्ची एकट्या मावशीची राहिली नाही. चारला ट्रक भरला, मावशीने काकूंची वळकटीही गुंडाळून दिली. कारण काकूंना जेमतेम दोन तास झोप झाली होती आणि त्या बसल्या जागी डुलत होत्या.

रथ पूल ओलांडून आला, पुढे गेला, आणि दिंडी आपल्या नंबरावर मागे लागली. हॉलच्या फाटकापासून रांगेत उभं राहायला त्यांना काही मिनिटं लागली. पलीकडच्या काठाला उतरलेल्या एका दिंडीतली माणसं दिघीपर्यंत एकमेकांना शोधत होती, हे मावशीने नंतर सांगितलं.

दुपारी विश्रांतवाडीच्या चौकात आम्ही चहाचा थर्मास घेऊन उभे होतो. मावशी ताठ, तोंडावर पावसाचं पाणी, “पुढे भेटू, थांबत नाही” म्हणून गेलीसुद्धा. काकूंच्या डोळ्यांवर झापड होती. त्या आमच्याकडे आल्या, तीन तास झोपल्या, संध्याकाळी येरवड्याहून मेट्रोने मंडईला उतरून पेठेत दिंडीच्या मुक्कामी पोचल्या. पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात, दिंड्या आजूबाजूच्या शाळांत, वाड्यांत. तिथल्या दोन रात्रींतली पहिली मावशीने आमच्याकडे काढली, दुसरी दिंडीतच. रविवारी भल्या पहाटे पुण्याचे रस्ते बंद होणार, आणि सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा, तीसएक किलोमीटर, वर दिवे घाट. तेव्हा ट्रकजवळ असणं पुन्हा महत्त्वाचं होतं.

काय टिकलं, काय नाही

सामान आधी पोचवणं आणि अलीकडचा काठ, या दोन गोष्टी कुणालाही डोळे मिटून सांगाव्यात. हॉलवर एक रात्र आधी जाणं मला अजूनही बरोबर वाटतं, पण ते गुरुवारच्या दुपारच्या झोपेमुळे साधलं. ती मिळाली नसती तर मावशीच्या नावावर दोन वाईट रात्री जमा झाल्या असत्या. प्रस्थान चारला असतं, तर दुपार धावपळीची गेली असती आणि हिशेब वेगळा झाला असता. ज्यांची झोप सावध आहे, ज्यांना अनोळखी जागी डोळाच लागत नाही, त्यांनी आपल्या भागाच्या धर्मशाळेत खोली मिळते का हे चैत्रातच विचारावं, आणि तिथून दिंडीच्या ट्रकपर्यंतचं अंतर दिवसाउजेडी एकदा चालून बघावं.

काकूंचं प्रकरण मला नीट सोडवता आलेलं नाही. कागदावर त्यांनी चूक केली. झोप घालवली, भिजल्या, पहिल्या दिवसाचा शेवटचा टप्पा चुकला. पण त्या ज्या कारणाने अकोल्याहून निघाल्या होत्या ते कारण गुरुवारी रात्रीच पुरं झालं. त्यांना सगळ्यात चांगला मुक्काम कुठला होता, हे मी त्यांच्या वतीने ठरवू शकत नाही. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एक झोप गेली बाप्पा, त्याचं काय एवढं? पंढरपुरात झोपले की.”

२०२६ला ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे प्रस्थान जुलैत जाईल आणि आषाढी २५ जुलैला येईल. पाऊस तेव्हा ऐन भरात असतो. दिंडीने तोच हॉल पुन्हा घेतलाय. काकूंनी मात्र मला वेगळं काम लावलंय. पलीकडच्या काठाला, महाद्वाराजवळ, फक्त प्रस्थानाच्या रात्रीपुरती कुणाच्या घरी ओसरी मिळते का ते बघायचं. वळकटी मावशीजवळच राहील, असं त्यांचं आपसात ठरलेलं आहे.